पौरुषीची छाया आणि शालेय गणित

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त धंतोली, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शालेय गणितात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक उदाहरण आहे. एक विहीर खोदण्यास १० मजुरांना ६ दिवस लागतात, तर अमुक इतक्या मजुरांना किती दिवस लागतील? व्यस्त प्रमाणाची रीत ज्याला अवगत आहे तो विद्यार्थी हे उदाहरण क्षणार्धात सोडवतो. आता मजुरांची संख्या ६०० करावी. रीत तीच, गुणाकार-भागाकार तेच. उत्तर येते एका दिवसाचा दहावा भाग. कामाचा दिवस ८ तासांचा धरला तर ४८ मिनिटे. म्हणजे इकडे श्रावकाचे एक सामायिक पूर्ण होते न होते तोच तिकडे विहीर खोदून तयार! आकडेमोडीत कोठेही चूक नाही. तरीही वर्गातील एखादा विद्यार्थी, बहुधा शेवटच्या बाकावरचा, विचारतो की सहाशे माणसे विहिरीत उभी कोठे राहतील? त्याचा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. वास्तविक त्या तासाला वर्गात झालेले सर्वांत मोलाचे गणित त्याच प्रश्नात असते.

व्यवहारातील एखादी गोष्ट घ्यावयाची, तिच्यातील कोणत्या बाबी विचारात घ्यावयाच्या व कोणत्या सोडावयाच्या हे ठरवावयाचे, उरलेल्या बाबींचा परस्परसंबंध गणिताच्या भाषेत मांडावयाचा, उत्तर काढावयाचे आणि ते पुन्हा व्यवहाराशी ताडून पाहावयाचे, या संपूर्ण क्रियेस गणिती प्रतिमान रचणे असे म्हणतात. इंग्रजीतील ‘मॉडेल’ हा शब्दही आता शिक्षकांच्या नित्य बोलण्यात रुळला आहे. विहिरीच्या उदाहरणातही एक प्रतिमान आहेच: प्रत्येक मजुराचे काम सारखे आणि एकाचा दुसऱ्यास अडथळा नाही. परंतु ही गृहीतके पाठ्यपुस्तकाने आधीच मान्य करून टाकलेली असतात. ती विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडत नाहीत, मग त्यांच्या मर्यादा कशा दिसाव्यात?

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणितशिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले गेले. त्यानंतर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नववी व दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘गणिती प्रतिमान’ हा विषय समाविष्ट झाला. नववीच्या पुस्तकात शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या टक्केवारीचा तक्ता देऊन ती ५० टक्क्यांपर्यंत केव्हा पोहोचेल याचा अंदाज बांधावयास सांगितले आहे. दहावीच्या पुस्तकात १८०० रुपयांची सायकल ६०० रुपये रोख व ६१० रुपयांच्या दोन मासिक हप्त्यांनी घेणाऱ्या मुलीचे उदाहरण आहे. वरवर पाहता वीस रुपयेच जास्त. हिशेब केला असता व्याजाचा दर सुमारे १३.४ टक्के निघतो आणि १२ टक्क्यांनी कर्ज काढणे अधिक किफायतशीर ठरते. व्यापारी कुटुंबांतील मुलांना हा हिशेब अंगवळणी असतो असे समजण्याचे कारण नाही. हप्त्यांची जाहिरात त्यांच्याही घरी येतेच. महाराष्ट्र राज्याच्या २०१७ व २०१८ सालच्या नववी-दहावीच्या पुस्तकांतही ‘अर्थनियोजन’ या प्रकरणाने हिशेबाला व्यवहाराच्या जवळ आणले. तथापि केंद्रीय पुस्तकांत प्रतिमानांचा विषय आला तो परिशिष्ट म्हणून, पुस्तकाच्या शेवटी. आणि प्रश्नपत्रिकेत ज्याला स्थान नाही त्याला वर्गात तासिका मिळत नाही, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

जैन समाजाच्या दृष्टीने पाहता हा विषय परिशिष्टात राहावा हे काहीसे नवलाचेच आहे. स्थानांग सूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत त्यांत ‘परिकर्म’ पहिला आणि ‘व्यवहार’ लगेच दुसरा आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नरेश अमोघवर्षाच्या काळात आचार्य महावीर यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथातही प्रकरणांना व्यवहार हेच नाव आहे: त्रैराशिकव्यवहार, मिश्रकव्यवहार, खातव्यवहार आणि अखेरीस छायाव्यवहार. प्रारंभीच आचार्यांनी संगीत, पाककला, वैद्यक, वास्तुविद्या अशा नाना क्षेत्रांत गणिताचे स्थान सांगितले आहे. हा ग्रंथ १९१२ साली मद्रासला प्रा. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित केला आणि १९६३ साली आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने तो हिंदी अनुवादासह उपलब्ध करून दिला.

या ग्रंथातील एक लहानशी गोष्ट प्रतिमानांच्या शिक्षणासाठी फार उपयोगी आहे. वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी महावीराचार्यांनी दोन मार्ग दिले आहेत. व्यावहारिक मार्गात व्यासाची तिप्पट करावयाची आणि सूक्ष्म मार्गात व्यासास १० च्या वर्गमुळाने गुणावयाचे. व्यास १० हात असेल तर पहिल्या मार्गाने परीघ ३० हात, दुसऱ्याने सुमारे ३१.६ हात, आजच्या गणनेने तो सुमारे ३१.४ हात आहे. एकाच आचार्याने, एकाच ग्रंथात, जाणीवपूर्वक दोन उत्तरे दिली. याचा अर्थ त्यांना खरे उत्तर माहीत नव्हते असा नाही. कोणत्या कामासाठी किती सूक्ष्मता हवी हे गणित करणाऱ्याने ठरवावयाचे असते, असा त्याचा अर्थ आहे. गोल मंडपाला किती खांब लागतील याचा अंदाज घ्यावयाचा असेल तर तिप्पट पुरते. त्याच मंडपाभोवती झेंडूची माळ गुंफावयाची असेल तर तिपटीने मोजलेली माळ जवळजवळ दीड हात तोकडी पडते, आणि ती ऐन मुहूर्ताला पडते!

याहूनही जुने आणि अधिक बोलके उदाहरण श्वेतांबर परंपरेच्या उत्तराध्ययन सूत्रातील ‘सामाचारी’ या सव्विसाव्या अध्ययनात आहे. साधूने दिवसाचे चार भाग करून पहिल्या प्रहरात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात भिक्षाचर्या आणि चौथ्यात पुन्हा स्वाध्याय करावा असे तेथे सांगितले आहे. प्रहर संपला हे ओळखावयाचे कसे? घड्याळ नाही, असते तरी अपरिग्रहव्रती मुनी ते बाळगणार कसे? म्हणून सूत्राने छायेचा नियम दिला. पौरुषी पूर्ण होते तेव्हा छाया आषाढात २ पाद, पौषात ४ पाद, चैत्र व आश्विनात ३ पाद असते. सात अहोरात्रांत ती १ अंगुळ, पक्षात २ अंगुळे आणि महिन्यात ४ अंगुळे वाढते किंवा घटते. परंपरेने ही छाया गुडघ्याएवढ्या, म्हणजे २४ अंगुळांच्या शंकूची मानली आहे. साधूचा स्वतःचा देहच त्याचे उपकरण झाला.

दहावीच्या विद्यार्थ्यासमोर हा नियम ठेवावा आणि तो कोणत्या प्रकरणातील आहे असे विचारावे. १ पाद म्हणजे १२ अंगुळे. आषाढात २४ अंगुळे, दरमहा ४ ची भर, सहा महिन्यांनी ४८ अंगुळे, म्हणजे बरोबर ४ पाद. ही अंकगणिती श्रेढी आहे. आलेखावर काढली तर सरळ रेषा आहे. दोन टोकांच्या मूल्यांवरून मधल्या सर्व दिवसांचे मूल्य देणारे रेषीय प्रतिमान आगमात शब्दबद्ध झालेले आहे, आणि तेही इतके सुटसुटीत की विहार करताना मुखोद्गत राहावे. विद्यार्थ्याच्या मनात येथे अभिमान निर्माण होईल, होऊ द्यावा. परंतु शिक्षकाने तेथेच थांबू नये. अभिमानानंतर लगेच काठी हातात द्यावी आणि नागपुरात मोजून पाहा, असे सांगावे.

मोजल्यावर काय आढळेल? नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर आहे. त्यावरून त्रिकोणमितीने गणना केली असता दिवसाचा पहिला चतुर्थांश संपताना २४ अंगुळांच्या शंकूची छाया २१ जूनच्या सुमारास जवळजवळ २५ अंगुळे येते. सूत्रातील आकडा २४. हे साम्य थक्क करणारे आहे. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास मात्र, म्हणजे मार्च व सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, छाया सुमारे २७ अंगुळे येते. नियमाने ती ३६ हवी. डिसेंबरच्या अखेरीस सुमारे ४० येते. नियमाने ४८ हवी. आणखी बारकाईने पाहिले तर असे दिसते की जूनपासूनच्या पहिल्या तीन महिन्यांत नियमानुसार १२ अंगुळांची वाढ अपेक्षित असताना नागपुरात ती अडीच-तीन अंगुळेच होते, आणि नंतरच्या तीन महिन्यांत मात्र सुमारे १३ अंगुळे होते. म्हणजे वर्षाच्या या उत्तरार्धात वाढीचा वेग नियमाशी जवळजवळ जुळतो, पूर्वार्धात मुळीच जुळत नाही.

आता वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी निघतील. एक म्हणेल की शास्त्र चुकले. दुसरा म्हणेल की शास्त्र चुकणे शक्य नाही, आपलेच मोजमाप चुकले. दोघेही उतावळे आहेत, आणि दोघांनाही आवर घालण्याचे साधन जैन दर्शनानेच दिलेले आहे. कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने सत्य असते. ‘स्यात्’ या पदाचा अर्थ ‘कदाचित’ असा संशयात्मक नाही; ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा निश्चयात्मक आहे. प्रतिमानाचे गणित शिकवणे म्हणजे उत्तराच्या शेजारी ती अपेक्षा लिहावयास शिकवणे. प्रस्तुत व्याख्यानाचा सारा भर या एकाच गोष्टीवर आहे.

तेव्हा चारही अपेक्षा तपासाव्यात. द्रव्याच्या दृष्टीने, छाया कोणाची? चोवीस अंगुळांच्या ताठ शंकूची. काठी कललेली असेल तर तुलना व्यर्थ. क्षेत्राच्या दृष्टीने, हे पौषातील ४ पाद कोठले? अक्षांश बदलून गणना केली असता उत्तरेकडे सरकावे तसा डिसेंबरचा आकडा वाढत जातो आणि गंगा-यमुनेच्या प्रदेशात तो ४८ अंगुळांच्या बराच जवळ जातो. विदर्भ दक्षिणेस आहे, म्हणून येथे तो उणा पडतो. कालाच्या दृष्टीने, महिने चांद्र असल्याने आषाढ किंवा पौष पौर्णिमा अयनबिंदूपासून मागेपुढे सरकते. म्हणून विद्यार्थ्यांनी दिवस अयनबिंदूपासून मोजावेत. एवढे करूनही मार्च-सप्टेंबरमधील तफावत गंगा-यमुनेच्या प्रदेशातही पुरती नाहीशी होत नाही. ती तफावत क्षेत्राची नव्हे. सूर्याच्या वक्रगतीच्या जागी सरळ रेषा घेतल्याची आहे. आणि भावाच्या दृष्टीने, म्हणजे हेतू पाहता, ती सरळ रेषा घेणेच योग्य होते. स्वाध्याय संपवून ध्यानास बसण्याची वेळ ओळखणे हा हेतू होता; ग्रहणाची घटिका काढणे हा नव्हता. उपकरणाविना, रोजच्या रोज, पाठ करून वापरता येणारा नियम यापेक्षा सोपा होऊ शकला नसता.

हेतू बदलला की मात्र तेच प्रतिमान अपुरे ठरते. एखाद्या श्रावकाने नागपुरात केवळ ३६ अंगुळांच्या छायेवर विसंबून मार्च महिन्यात पोरिसीचे पच्चक्खाण पारले, तर ते प्रत्यक्ष प्रहर संपण्यापूर्वी सुमारे ३४ मिनिटे आधी पारले जाईल. व्रताला अर्धा तास म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणूनच आज सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिनमानाचा चतुर्थांश काढून पोरिसीची वेळ ठरवतात.

येथूनच वर्गासाठी दुसरा प्रश्न सहज निघतो, आणि तो घराघरातील आहे. चौविहार करणाऱ्या कुटुंबात भिंतीवर सूर्यास्ताच्या वेळांचे कोष्टक टांगलेले असते. ते कोष्टक मुंबईत छापलेले असेल तर नागपुरात चालेल काय? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.९ अंश, नागपूरचे ७९.१. अंतर ६.२ अंश, म्हणजे जवळजवळ २५ मिनिटे. नागपुरात सूर्य तेवढा आधी मावळतो. हे पहिले, स्थूल प्रतिमान झाले. ते आठवीचा विद्यार्थीही करू शकतो. त्याने वर्तमानपत्रातील दोन्ही शहरांच्या वेळा महिनाभर टिपल्या तर त्याला दिसेल की फरक नेहमी २५ मिनिटांचा नसतो. उन्हाळ्यात तो सुमारे २१ मिनिटांपर्यंत उतरतो, हिवाळ्यात २९ पर्यंत चढतो. कारण मुंबई पश्चिमेस आहे, तशी दक्षिणेसही आहे, आणि उत्तरेकडे जावे तसे उन्हाळ्याचे दिवस मोठे व हिवाळ्याचे लहान होत जातात. हे दुसरे, सूक्ष्म प्रतिमान. ज्या घरात डिसेंबरमध्ये मुंबईच्या कोष्टकावर विश्वासून शेवटचा घास घेतला जातो, तेथे तो घास सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने घेतला गेलेला असतो. कोष्टक खोटे नाही. त्याच्या माथ्यावरील ‘मुंबई’ हा शब्द वाचलेला नाही. तो शब्द म्हणजेच त्या कोष्टकाचे ‘स्यात्’.

तिसरे उदाहरण सर्वांच्या अधिक परिचयाचे आहे. स्वामीवात्सल्य असो वा वात्सल्यभोजन, स्वयंपाक किती पानांचा करावयाचा हा प्रश्न कार्यकर्त्यांना दरवर्षी पडतो. समजा, मागील पाच वर्षांची पानसंख्या ६२०, ६५५, ६४०, ७०० आणि ६८५ अशी आहे. सरासरी काढा म्हटले की सारा वर्ग ६६० असे एका सुरात सांगतो. परंतु ६६० पानांचा स्वयंपाक केला असता तर या पाचपैकी दोन वर्षी अन्न कमी पडले असते. सरासरी हे ‘किती पाने होतील’ या प्रश्नाचे ठीक उत्तर आहे. ‘किती करावीत’ याचे नव्हे. त्यासाठी विचारावे लागते की कमी पडले तर काय होते आणि उरले तर काय होते. कमी पडले तर साधर्मिक उपाशी जातो, आणि सूर्यास्तापूर्वी दुसरी सोय झाली नाही तर त्या दिवशी उपाशीच राहतो. उरले तर दुसऱ्या दिवशी ते बाशी, म्हणून अभक्ष्य. सूर्यास्ताच्या आत वाटले गेले नाही तर अन्नाचा नाश आणि त्यात होणारी जीवहिंसाही पदरी येते. या दोन हानींपैकी कोणती किती जड, हे कोणतेही सूत्र सांगणार नाही. ते विद्यार्थ्यांनी आपसांत चर्चा करून ठरवावे आणि त्यानुसार ६६० च्या वर किती जावयाचे ते काढावे. चांगला वर्ग याहून पुढे जातो. तो विचारतो की सर्व स्वयंपाक एकाच वेळी का करावा? ६०० पानांचा आधी करावा, शंभर पानांचा शिधा निवडून-सोलून तयार ठेवावा आणि पहिल्या दोन पंगतींची मोजदाद पाहून उरलेले ठरवावे. अनुभवी आचारी हेच करीत आले आहेत. ‘शंभर पानांस इतके’ हे त्यांचे मुखोद्गत प्रमाण हे देखील एक प्रतिमानच आहे, आणि दहावीच्या विद्यार्थ्याने पेन-वही घेऊन एक दिवस आचाऱ्याजवळ बसण्यात कमीपणा नाही.

धंतोलीत राहणाऱ्यांना आणखी एक प्रश्न रोज रस्त्यावर भेटतो. रुग्णालयांची ही वस्ती. गल्लीच्या दोन्ही कडांना गाड्या आणि मधून वाट काढणारी रुग्णवाहिका. एका गल्लीत एका वेळी किती गाड्या उभ्या असतात हे मोजण्यासाठी दिवसभर उभे राहण्याची गरज नाही. ताशी येणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी थांबा, एवढेच गणित आहे. समजा ताशी ४० गाड्या येतात आणि प्रत्येक सरासरी दीड तास थांबते, तर एका वेळी सरासरी ६० गाड्या उभ्या असणार. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली या नियमाची सिद्धता दिली, पण तो समजावयास सातवीचा गुणाकार पुरतो. गंमत अशी की विद्यार्थी आधी ‘गाड्या फार झाल्या’ असे म्हणतात. गुणाकार मांडल्यावर त्यांच्या लक्षात येते की थांबा दीड तासावरून एक तासावर आला तर तेवढ्याच गाड्या येऊनही उभ्या गाड्या ६० वरून ४० होतील. मग प्रश्न रस्त्याच्या रुंदीवरून दवाखान्यातील प्रतीक्षेकडे वळतो. येथेही अपेक्षा लिहावी लागते. हा हिशेब स्थिर वर्दळीचा आहे. सकाळ-संध्याकाळच्या बाह्यरुग्ण तपासणीच्या वेळा वेगळ्या धराव्या लागतील.

या साऱ्यात शिक्षकाची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. तासिका चाळीस मिनिटांच्या आतबाहेर, वर्गात साठ मुले, आणि उत्तरपत्रिका तपासताना एकच उत्तर बरोबर असण्याची सवय. प्रतिमानाच्या प्रश्नाला दोन गटांची दोन उत्तरे येतात आणि दोन्ही समर्थनीय असू शकतात. अशा वेळी गुण उत्तराला देऊ नयेत. लिहिलेल्या गृहीतकांना, ती बदलल्यास उत्तर किती हलते याच्या तपासणीला आणि प्रत्यक्षाशी केलेल्या तुलनेला द्यावेत. ज्या गटाने ‘आमचे प्रतिमान येथे लागू पडत नाही’ असे कारणासह लिहिले, त्याला काही न तपासता उत्तर जुळवणाऱ्या गटापेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत. पालकांना हे प्रथम विचित्र वाटते. खतावणीत ताळा जमला नाही तर जो व्यापारी रक्कम दडपून बसवतो आणि जो फरक मांडून त्याचे कारण शोधतो, त्यांपैकी कोणावर दुकान सोपवावे हे त्याच पालकांना सांगावे लागत नाही.

शाळेत वेळ मिळत नसेल तर पाठशाळेत मिळू शकतो. छायेचा प्रयोग करण्यास खर्च जवळजवळ नाहीच. ४८ सेंटिमीटरची सरळ काठी घ्यावी, म्हणजे १ अंगुळ बरोबर २ सेंटिमीटरचे होऊन हिशेब सोपा पडतो. ओळंबा लावून ती गच्चीवर सपाट जागी ताठ बसवावी. आरंभ जूनमध्ये करू नये. नागपुरात पावसाळ्यात ऐन वेळी ढग येतात आणि त्या तीन महिन्यांत छाया हलतेही थोडीच. कोजागरीनंतर आकाश स्वच्छ होते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात छाया झपाट्याने लांबते. दर रविवारी नागपूरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घेऊन दिनमानाचा चतुर्थांश काढावा. सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी आणि सूर्यास्त ५ वाजून ४० मिनिटांनी असेल तर दिनमान ११ तास २० मिनिटे, चतुर्थांश २ तास ५० मिनिटे, म्हणून छाया ९ वाजून १० मिनिटांनी मोजावयाची. वहीत चार रकाने असावेत: तारीख, मोजलेली छाया, सूत्राच्या नियमाने येणारी छाया आणि दोहोंतील फरक. पहिल्या पानावर, तक्त्याच्या वर, काठीची उंची, गच्चीचे ठिकाण, वेळ कशी ठरवली आणि हे मोजमाप कशासाठी केले, या चार गोष्टी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात.